लाल पक्षी म्हणजे डूडल, हे बरोबर आहे. पुढे काय?

प्रश्न एका आईचा आहे. अमेरिकेत राहतात, लेक नववीत. इंग्रजीच्या तासाला जेम्स हर्स्ट यांची 'द स्कार्लेट आयबिस' ही कथा झाली आणि कथेतल्या पक्ष्याच्या प्रतीकावर निबंध लिहायला सांगितला. मुलीनं लिहिलं की लाल पक्षी म्हणजे डूडल, कथेतला धाकटा भाऊ. दोघंही नाजूक, दोघंही मरतात. शिक्षिकेनं खाली शेरा दिला, 'बरोबर. पुढे काय?' मायलेकी तिथंच अडल्यात.

ही कथा मी वीसेक वर्षं शिकवतोय आणि हाच शेरा मीही कित्येक वह्यांवर लिहिलाय. उत्तर लांबणार आहे, कारण कथा लहान असली तरी तिच्यातला पक्षी एका ओळीत मावत नाही.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी गोष्ट आधी सांगतो. ती 'द अटलांटिक मंथली' या मासिकात जुलै १९६० मध्ये छापून आली. लेखक नॉर्थ कॅरोलायनाच्या किनारपट्टीकडचे. पुढे न्यूयॉर्कमध्ये बँकेत नोकरी केली आणि लोकांच्या लक्षात राहिले ते या एका कथेमुळे. कथेचा काळ १९१८ चा, पहिल्या महायुद्धाचं शेवटचं वर्ष. कापसाची शेती करणारं घर. गोष्ट सांगणाऱ्या थोरल्याचं नाव आपल्याला कळतच नाही. धाकटा त्याला नुसतं 'ब्रदर' म्हणतो. थोरला सहा वर्षांचा असताना हा धाकटा जन्मतो. डोकं मोठं, अंग एवढंसं, लाल आणि म्हाताऱ्यासारखं सुरकुतलेलं. जगणार नाही असं धरून वडील सुताराकडून छोटी शवपेटीही करून घेतात. पण पोर जगतं. तीन महिन्यांनी त्याचं नाव ठेवतात विल्यम आर्मस्ट्राँग. छोट्या पतंगाला भलीमोठी शेपूट बांधावी तसं हे नाव, असं थोरला म्हणतो. रांगायला लागला तोही उलटा, म्हणून मागं मागं सरकणाऱ्या एका किड्याच्या नावावरून थोरल्यानं त्याला 'डूडल' केलं.

डॉक्टरांनी बजावलेलं असतं की याला दमवू नका, उन्हात नेऊ नका, गारठ्यात नको. थोरल्याला मात्र बरोबरीनं पळणारा, पोहणारा भाऊ हवाय. चालता न येणाऱ्या भावाची त्याला लाज वाटते. तो त्याला गुपचूप चालायला शिकवतो आणि सहाव्या वाढदिवसाला घरच्यांपुढे चालवून दाखवतो. सगळे आनंदानं रडतात. थोरलाही रडतो, पण आपण हे स्वतःसाठी केलं हे त्याला ठाऊक असतं. मग हट्ट वाढत जातो. शाळा सुरू व्हायच्या आत पळणं, पोहणं, झाडावर चढणं, मारामारी, सगळं यायलाच पाहिजे. डूडल थकत जातो. उन्हाळा सरताना एका शनिवारी दुपारी अंगणातल्या झाडावर एक अनोळखी लाल पक्षी येतो आणि मरून खाली पडतो. त्याच दिवशी वादळात थोरला चिडून भावाला मागं टाकून पळतो. धाकटा 'मला सोडून जाऊ नकोस' म्हणून ओरडत राहतो. थोरला परत फिरतो तेव्हा डूडल एका झुडपाखाली मुटकुळं करून मेलेला असतो. तोंडातून रक्त आलेलं, गळा आणि सदरा लाल.

आता निबंधाकडे. 'पक्षी म्हणजे डूडल' हे वाक्य मुलीनं शोधलेलं नाही. कथेच्या शेवटच्या वाक्यात थोरला स्वतःच तसं म्हणतो. भावाच्या अंगावर पडून, पावसापासून त्याला झाकत, तो त्याला आपला खाली पडलेला लाल पक्षी म्हणतो. म्हणजे मुलीनं उत्तर म्हणून लिहिलं ते कथेनं आधीच उघड दिलेलं आहे. शिक्षिकेचा शेरा मला तरी असा वाचता येतो: हे कोण म्हणतंय, कधी म्हणतंय, आणि ते म्हणायचा त्याला काय अधिकार आहे?

हे धरण्यासाठी पक्षी पडतो तो प्रसंग अगदी जवळून बघावा लागतो. मी वर्गात सांगतो की पक्ष्याखाली रेघ मारू नका, क्रियापदांखाली मारा. कोण काय करतंय ते बघा.

घरचे जेवायला बसलेत. बाहेरून घोगरा आवाज येतो. डूडल खुर्ची सोडून अंगणात जातो आणि सांगतो की एक मोठा लाल पक्षी आलाय. सगळे बाहेर येतात. पक्षी कोंबडीएवढा, लांब पायांचा, झाडावर कसाबसा तोल सांभाळून बसलेला. तो उडायला जातो, पंख साथ देत नाहीत, फांद्यांना धडकत खाली येतो आणि सगळ्यांच्या पायांशी पडतो. मान दोनदा वळते, मग सरळ होते. डोळ्यांवर पांढरा पडदा येतो. पाय एकमेकांवर आलेले. लाल फुलांची फुलदाणी फुटून पडावी तसा तो दिसतो, असं थोरल्याला वाटतं. वडील थोरल्याला आतून पक्ष्यांचं पुस्तक आणायला लावतात आणि नाव वाचून दाखवतात: हा उष्ण प्रदेशातला, दक्षिण अमेरिकेपासून फ्लोरिडापर्यंतचा, वादळानं इथं आणून टाकला असणार. आई सांगते, हात लावू नका, कसला रोग असेल कुणास ठाऊक. आणि मग घरचे जेवण पुरं करायला परत जातात.

डूडल जात नाही. तो म्हणतो, मी याला पुरतो. आईनं हात लावायचा नाही म्हटलंय, म्हणून खिशातून दोरीचा तुकडा काढतो, पक्ष्याला स्पर्श न करता त्याच्या गळ्यात अडकवतो आणि चर्चमधलं मृत्यूनंतरच्या भेटीचं एक गाणं हळू आवाजात म्हणत त्याला पुढच्या अंगणात नेतो. फुलांच्या वाफ्याशेजारी खड्डा खणतो. फावड्याचा दांडा त्याच्या दुप्पट उंच. घरचे खिडकीतून बघताहेत आणि त्यांना हसू आवरत नाही. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरतात.

एकदा एका मुलानं वर्गात विचारलं होतं, 'त्यानं हातानंच का नाही उचलला? आईला कळलंही नसतं.' वर्गात थोडा वेळ शांतता झाली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'कारण त्याला सांगितलेलं सगळं तो ऐकतो.' त्या वर्षी मला याहून चांगलं उत्तर कुणी दिलं नाही. चाल म्हटलं, चालला. पळ म्हटलं, पळाला. आईनं हात लावू नको म्हटलं, तर दोरी शोधली. त्याच आज्ञाधारकपणानं संध्याकाळी त्याचा जीव घेतला.

त्या प्रसंगात पक्ष्याला मेलेलं माणूस असल्यासारखं वागवणारा एकटा डूडल आहे. बाकी सगळ्यांसाठी तो एक नवल आहे. नाव शोधून झालं की संपलेलं. निबंधात 'डूडलला पक्ष्याशी एकरूप वाटतं' असं लिहिण्यापेक्षा ही दोरी आणि खिडकीतले हसणारे चेहरे समोरासमोर ठेवा. सहा-सात वर्षांच्या, स्वतः कधीही मरेल असं जवळजवळ सगळ्यांनी धरलेल्या पोरानं कुणीही न सांगता एका परक्या जिवाचं अंत्यकर्म केलं. काही तासांनी तोच पोरगा पावसात पडलेला असतो आणि त्याच्याजवळ फक्त थोरला असतो, तोही उशिरा आलेला.

आता पक्ष्याबद्दल थोडं, कारण इथं बहुतेक तयार नोट्स उडी मारून पुढं जातात. आयबिस म्हणजे आपला शराटी. लांब, खाली वाकलेल्या चोचीमुळे गावाकडे याला कुदळ्याही म्हणतात. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात गेलात तर मोर शराटींचे थवे दिसतात. लांबून काळपट वाटतात आणि ऊन पडलं की अंगावर तांबूस-हिरवी झाक चमकते. लाल शराटी मात्र आपल्याकडचा नाही. त्याचं घर दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग आणि त्रिनिदाद. व्हेनेझुएलाची पाणथळ कुरणं, गयाना आणि ब्राझीलच्या किनाऱ्यावरची खारफुटी, त्रिनिदादचा कॅरोनी स्वॅम्प. तिथं संध्याकाळी हे पक्षी हजारोंनी खारफुटीवर उतरतात. त्रिनिदादनं त्याला राष्ट्रीय पक्षी केलंय.

सगळ्याच कुदळ्यांसारखा हा चिखलातला पक्षी आहे. चोच चिखलात खुपसून खेकडे, झिंगे, किडे शोधतो. आता कथेत डूडल खऱ्या अर्थानं कुठं फुलतो ते आठवा. थोरला त्याला गाडीवर बसवून पहिल्यांदा घराजवळच्या दलदलीत नेतो, ओल्ड वुमन स्वॅम्पमध्ये. तिथलं हिरवंपण बघून डूडल रडायला लागतो. काय झालं विचारल्यावर म्हणतो, हे किती सुंदर आहे. पुढे दोघं तिथं वारंवार जातात, रानफुलांचे हार करतात. चालायलाही तो तिथंच शिकतो. पाणथळ जागा हे या पोराचं घर आहे. अंगणात पडलेला पक्षीही पाणथळीचाच. मला वाटतं, लेखकानं कुठलाही सुंदर लाल पक्षी न निवडता हा निवडला त्याचं एक कारण इथं आहे. दोघांनाही कुणीतरी त्यांच्या झेपेपलीकडे ढकललंय. एकाला वादळानं, दुसऱ्याला भावाच्या हट्टानं.

आणि रंग. लाल शराटीची पिल्लं लाल नसतात. करड्या-तपकिरी रंगाची असतात आणि हळूहळू, काही वर्षांत लाल होतात. हा लाल रंग झिंगे-खेकड्यांतल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यातून येतो. प्राणिसंग्रहालयात तसं खाणं मिळालं नाही की पक्षी फिका पडतो, म्हणून त्यांच्या खाद्यात रंगद्रव्य मिसळावं लागतं. ही माहिती कथेत कुठंही नाही, तेव्हा 'लेखकाला हेच म्हणायचंय' असं लिहू नका. पण मला ती वाचताना सोडत नाही. ज्या रंगावर सगळ्यांचे डोळे खिळतात तो पक्ष्याच्या जागेनं त्याला दिलेला असतो. जागा गेली की रंग जातो.

कथेतला लाल रंग एका धाग्यासारखा काढता येतो. जन्मताना लाल, सुरकुतलेलं अंग. पक्षी ज्या झाडावर बसतो त्याला 'रक्त गळणारं झाड' म्हटलंय. डूडल ज्या झुडपाखाली मरतो तेही लाल. यात युद्धही मिसळा. १९१८ च्या त्या उन्हाळ्यात घरात शातो-तिएरी, आमिएँ, स्वासाँ, बेलो वूड ही फ्रान्समधल्या रणांगणांची नावं ऐकू येतात. जेवणाआधीच्या प्रार्थनेत आई त्या कुटुंबाचंही नाव घेते ज्याचा मुलगा बेलो वूडला गेला. परक्या भूमीवर पडलेली पोरं, परक्या अंगणात पडलेला पक्षी. हे एका वाक्यात सांगून पुढं जा. फार ताणलं तर निबंधाचा तोल जाईल.

बाकीचे पक्षी मात्र सोडू नका. मुलीच्या निबंधात मला ते दिसले नाहीत आणि खरी भर तिथं पडेल. थोरला एकदा डूडलला माळ्यावर नेऊन त्याची शवपेटी दाखवतो आणि ती हातानं शिवायला लावतो. शिवला नाहीस तर तुला इथंच ठेवून जाईन, असं धमकावून. डूडल हात लावतो तेवढ्यात आतून एक छोटं घुबड झेपावतं आणि दोघांच्या अंगावर विषारी हिरवी पूड उडते. आपल्याकडे पिंगळा ओरडला तर घरातलं म्हातारं माणूस दचकतं, त्यामुळे मराठी वाचकाला हे लगेच पोचतं. पण घुबडाच्या अपशकुनाहून मोठं काही तिथं घडतं. 'मला सोडून जाऊ नकोस' हे वाक्य डूडल पहिल्यांदा तिथंच म्हणतो. शेवटी वादळात तेच वाक्य येतं. आधी शवपेटीतून पक्षी बाहेर येतो, शेवटी पोरगा पक्षी होऊन पडतो.

मग मोर. चालता यायला लागल्यावर दोघं भाऊ भटकताना एकमेकांना खोट्या गोष्टी सांगतात. डूडलच्या गोष्टींतल्या माणसांना पंख असतात, हवं तिथं उडतात. त्याची आवडती गोष्ट पीटर नावाच्या मुलाची. पीटरकडे दहा फूट पिसाऱ्याचा पाळीव मोर. झोपायची वेळ झाली की मोर पिसारा पसरून मुलाला हळूच त्यात लपेटून घेतो. हा पक्षी डूडलनं स्वतः तयार केलाय. त्याला पक्षी व्हायचं नाही, त्याला पक्ष्यानं कुशीत घ्यायला हवंय. शेवटच्या चित्रात थोरला त्याला अंगाखाली झाकतो तेव्हा नेमकं तेच करतो, पिसाऱ्याचंच काम. पण पोरगा तेव्हा जिवंत नाही. एकही नोट हे दोन प्रसंग जोडताना मी पाहिलेली नाही. माझ्या मते कथेची सगळ्यात मोठी वेदना इथं आहे.

तिसरं, पहिल्याच परिच्छेदातलं ओरिओलचं रिकामं घरटं. ओरिओल हा झाडाला पिशवीसारखं घरटं टांगणारा पक्षी. एल्मच्या झाडावर ते घरटं रिकाम्या पाळण्यासारखं झुलतंय, असं थोरला म्हणतो. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच पाळणा रिकामा आहे.

हे सगळं एकाच माणसाच्या तोंडून येतंय, हे आता लक्षात घ्या. थोरला ही गोष्ट मोठा झाल्यावर सांगतोय. ते रक्त गळणारं झाड आता नाही; त्या जागी धार लावायचं दगडी चाक बसवलंय. ते फिरायला लागतं आणि मधला काळ झिजून जातो, डूडल आठवतो, असं तो म्हणतो. आणि गोष्टीची सुरुवात तो डूडलपासून करत नाही. पहिल्याच वाक्यात पक्षी येऊन झाडावर बसतो. इतक्या वर्षांनी भावाबद्दल बोलायला तोंड उघडलं आणि आधी पक्षीच आला. ज्या मुलाला आपण दमवून दमवून मारलं त्याच्याकडे सरळ बघता येत नाही. पक्ष्याकडे बघता येतं. पक्ष्याला वादळानं आणलं, त्यात कुणाचा दोष नाही.

आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवायची वाट बघतात. तो यावा म्हणून मागं उभी असलेली माणसं मोठ्यानं शब्द देतात, मुलांना सांभाळू, बहिणीकडे लक्ष ठेवू. कावळा आपल्या भुकेनं येतो. त्याच्यावर अर्थ चढवतात ते हात जोडून उभे असलेले, ज्यांच्या मनात गेलेल्या माणसाचं काही द्यायचं राहिलेलं असतं. थोरल्याच्या लाल पक्ष्याकडे मी तसंच बघतो. लेखकानं वरून चिकटवलेलं चिन्ह म्हणून तो वाचला तर कथा कोरडी होते. भावाला मागं टाकून पळालेल्या मुलानं आयुष्यभर जवळ ठेवलेलं ते चित्र आहे, असं वाचा. मग शेवटच्या वाक्यातला 'माझा' हा शब्द ऐकू येतो. जिवंतपणी ज्याची लाज वाटली त्याला तो आता 'माझा' म्हणतो. वडिलांनी पुस्तकात बघून वाचलेलं ते नावही तो तिथं प्रेमानं उच्चारतो.

म्हणून 'नाजूक' या शब्दावर मुलीनं जरा थांबावं असं मला मनापासून वाटतं. डूडल नाजूक होता, हे खरं. पण डॉक्टर, वडील, जवळजवळ सगळ्यांनी मेलेला धरलेला तो पोरगा जगला, चालला, हार केले, गोष्टी रचल्या, खड्डा खणला. पक्षी खाली पडण्यापलीकडे काही करत नाही. डूडल खूप काही करतो. दोघांत जिथं साम्य नाही तिथंही एक परिच्छेद हवा. तो पक्ष्यासारखा दिसतो फक्त मेल्यावर, थोरल्याच्या डोळ्यांना: मान एकदम लांब आणि बारीक वाटते, पाय गुडघ्यांत दुमडलेले. जिवंत डूडल पक्षी कधीच नव्हता.

निबंध पुन्हा लिहायला अजून वेळ असेल तर तिला सांगा, पहिलं वाक्य 'पक्षी हे प्रतीक आहे' असं नको. दोरीपासून सुरुवात कर. पक्षी पडतो तो परिच्छेद आणि डूडल सापडतो तो परिच्छेद शेजारी शेजारी ठेव, मान, पाय, रंग, कोण बघतंय, कोण हसतंय, कोण हात लावतंय, एवढंच दोन्हीकडे पेन्सिलीनं नोंदव. मग माळ्यावरचं घुबड आणि पीटरचा मोर घे. दीड पानात हे सहज बसेल. लाल रंगाबद्दल मी सांगितलेलं शास्त्र घालायचंच असेल तर शेवटच्या परिच्छेदात, 'मला वाटतं' असं म्हणून घाल. आणि कच्चा मसुदा तुम्ही दोघींनी एकदा मोठ्यानं वाचा. 'मला सोडून जाऊ नकोस' ही हाक दोन्ही वेळा ऐकू येते ना, ते बघा.